लग्न ठरल्यावर जुनी जखम सांगायचीय? या चुका टाळा

लहानपणी नात्यातल्याच कुणीतरी केलेला अत्याचार होणाऱ्या जोडीदाराला सांगायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्यांचं सांगायचं ठरतं ते त्याच त्या चुका करतात. त्यातली पहिली, रात्री एकचा व्हॉट्सअॅप मेसेज.

प्रसंग ठरलेला. साखरपुड्याला आठवडा झालेला, रोज दोन-दोन तास फोन. तो म्हणतो, "बिनधास्त सांग गं." ती एका दमात चाळीस ओळी टाइप करते. दोन निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. त्याला काय लिहावं सुचत नाही, किंवा झोप लागलेली असते. ती मात्र पहाटेपर्यंत टक्क जागी. सकाळी गोंधळलेला तो मेसेज बहिणीला दाखवतो, 'सल्ल्यासाठी', आणि दुपारपर्यंत मेसेज मावशीच्या फोनवर पोचलेला असतो. मुलगा वाईटच असतो असं नाही. लिहिलेलं पुढे जातंच, आणि 'डिलीट'नं स्क्रीनशॉट पुसला जात नाही.

म्हणून तोंडी, समक्ष, दिवसाउजेडी. शनिवार सकाळ उत्तम. रविवारी संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. शेजारी चालत बोललं की सारखं डोळ्यांत बघावं लागत नाही. परतीची सोय स्वतःची ठेवा. त्याच्याच बाइकवर गेलात तर अर्ध्यातून निघता येत नाही. वीस मिनिटं पुरतात. काय झालं, आज त्याचा त्रास कशात होतो, तुझ्याकडून काय हवंय, एवढंच आधी कागदावर उतरवा आणि कागद फाडून टाका. "मी नऊ वर्षांची असताना नात्यातल्या एकानं माझ्यावर अत्याचार केला. अजूनही मागून कुणी हात लावला की दचकते. तू आधी हाक मारत जा, आणि हे घरी बोलू नकोस." बास. कोण, कुठे, किती वेळा, हे पहिल्या दिवशी नाही.

त्याआधी एखादी छोटी गोष्ट सांगून बघा, बारावीला नापास झाल्याची वगैरे. तीन आठवडे थांबा. भांडणात टोमणा होऊन किंवा होणाऱ्या सासूबाईंच्या तोंडून ती परत आली, तर मोठी गोष्ट तिथे सांगू नका. हे तीन आठवडे कुणाला नको असतात. सगळ्यांना आजच मोकळं व्हायचं असतं.

"लग्नानंतर बघू" हीसुद्धा चूकच. स्पर्शाला अंग आखडणं आपल्या हातात नसतं. नवऱ्याला वाटतं, मी हिला आवडतच नाही. निदान कुठला स्पर्श चालतो आणि कुठला नाही, एवढं तरी आधी बोला.

भांडणात सांगू नका. दोन पेग झाल्यावर तर नाहीच. मुलग्यांनो, तुम्हीही गिळून टाकू नका. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी भेद करत नाही. अत्याचाराचं सांगणं तुमच्या मर्जीवर, आधीचं लग्न मात्र लपवू नका, ते वेगळं प्रकरण आहे: त्यावरून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं.

ती वाक्यं एकट्यानं म्हणतानाच घाम फुटत असेल, तर आधी समुपदेशक, मग जोडीदार. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

ऐकणाऱ्यानं "तेव्हाच का नाही सांगितलंस?" एवढं विचारायचं नाही. "सांगितलंस, बरं केलंस" म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून फोन करा.

आणि तारीख ठरवताना निमंत्रणाची यादी विसरू नका. 'तो' नातेवाईक त्यात असतोच, आणि जोडीदाराला ठाऊक नसेल तर स्टेजवर त्याच्याही पाया पडायला लावतो. पत्रिका छापायला जायच्या आधी बोला.