बाप्तिस्म्याचा फोटो छान आला, पण पुढच्या रविवारी माणूस कुठाय? नवीन मिशनऱ्यांनो, या चुका टाळा

मी मूळचा सोलापूरचा, बरीच वर्षं हैदराबादेत आहे आणि इथे द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या एका वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, मिशन लीडर म्हणून काम करतो. म्हणजे नवीन एल्डर (मिशनरी मुलगे) किंवा सिस्टर (मिशनरी मुली) आल्या की दर आठवड्याला त्यांच्याबरोबर बसायचं, कोणाला शिकवताय, कोण चर्चला आलं, कोण आलं नाही हे बघायचं. (आम्हाला लोक मॉर्मन म्हणतात, चर्चने 2018 पासून हे टोपणनाव नको असं सांगितलंय, पण सगळे सर्च तेच करतात म्हणून एकदा लिहून टाकतो.) आता येणारी बरीच पोरं आपल्याकडचीच असतात, मुलगे 18 वर्षांपासून 24 महिन्यांसाठी, मुली 18 महिन्यांसाठी (2025 पर्यंत 19 पासून, आता त्याही 18 पासून). परदेशी एल्डरला जे समजवायला महिना लागायचा ते यांना न सांगता कळतं, पण म्हणूनच यांच्या चुका वेगळ्या असतात आणि त्या लवकर दिसत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. नवीन माणसाचा चर्चमधला एकुलता एक मित्र म्हणजे मिशनरीच असतो. पोरं मनापासून करतात, रोज मेसेज, आठवड्यात तीन वेळा भेट, वाढदिवसाला केक, आणि मग सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा फोन येतो आणि एल्डर बॅग भरून दुसऱ्या शहरात. त्या बिचाऱ्याला चर्चमध्ये कोणाचं नाव माहीत नाही, कोणाच्या शेजारी बसायचं माहीत नाही, तो दोन रविवार येतो आणि तिसऱ्या रविवारी फोन उचलत नाही. आणि मग आपण म्हणतो, विश्वास कच्चा होता. अरे विश्वास कच्चा नव्हता, ओळख कच्ची होती!

गॉर्डन हिंकली चर्चचे अध्यक्ष असताना 1997 मध्ये म्हणाले होते की प्रत्येक नवीन सदस्याला तीन गोष्टी लागतात, एक मित्र, एक जबाबदारी आणि देवाच्या वचनाचं पोषण. ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यांना पाठ असतं. पण मित्र म्हणजे वॉर्डातला मित्र, इथेच राहणारा, हे सोडून सगळं पाठ असतं. माझा साधा नियम आहे, दुसऱ्या धड्यापासून वॉर्डातलं कोणीतरी बरोबर पाहिजे. कोणी मिळत नसेल तर मला फोन करा, मी येतो, माझी बायको येते, पण दोघेच जाऊ नका. आणि त्या सोबत्याचं वय आणि भाषा बघा ना, बावीस वर्षांच्या मराठी पोराला साठीच्या तेलुगू अंकलशी जोडून दिलं की दोघं एकमेकांकडे बघून हसत बसतात.

हे दुखणं जुनं आहे, आणि आपल्या पुण्यातलंसुद्धा आहे. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईला उतरला, तिथे विरोध झाला, मग पुण्यात गेला आणि छोटी ब्रँच (वॉर्डापेक्षा लहान मंडळी) उभी केली. काही वर्षांत मिशनरी परत गेले आणि ती ब्रँच टिकली नाही. उलटं उदाहरण घानाचं. जून 1989 ते नोव्हेंबर 1990 तिथल्या सरकारने चर्चचं काम बंद केलं होतं, बाहेरचे मिशनरी गेले, चर्चच्या इमारती बंद, आणि तिथले सदस्य घराघरात बसून रविवार पाळत राहिले. दीड वर्षाने चर्च उघडलं तेव्हा माणसं होती. फरक कुठे पडला ते नवीन जोडीला मी पहिल्याच मीटिंगला विचारतो.

दुसरी चूक नवीन माणसं शोधण्याची. इथे दारं वाजवत फिरायचं नाही, बसस्टँडवर पत्रकं वाटायची नाहीत, हे पोरांना सांगितलेलं असतं, तरी एखादा व्हिडिओ बघून कोणाला तरी सुरसुरी येतेच. कित्येक राज्यांत धर्मांतराचे कायदे आहेत, आमिष आणि दबाव हे शब्द त्यात आहेत, गंमत नाही ही. आणि तसंही आपल्याकडे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं कोण ऐकतं? हैदराबादचं एडविन आणि एल्सी धर्मराजू हे जोडपं सामोआमध्ये असताना चर्चमध्ये आलं, डिसेंबर 1978 मध्ये छोट्या मिशनवर घरी आलं आणि त्यांच्याच नात्यातल्या 22 जणांचा बाप्तिस्मा झाला. मे 2012 मध्ये भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक वॉर्डांचा गट, याच शहरात झाला. काम नात्यागोत्यातून वाढतं.

पण थांबा, यातच एक खड्डा आहे. काका आले म्हणून काकू आल्या, काकू आल्या म्हणून तीन पुतणे आले, असं झालं की पोरं खूश होऊन पाच जणांच्या बाप्तिस्म्याची तारीख एकदम ठरवतात. मग काका कोणावर तरी रुसतात आणि पाचही जण जातात. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा की तुला स्वतःला हे हवंय का. बाप्तिस्म्याआधीच्या इंटरव्ह्यूला डिस्ट्रिक्ट लीडर (काही मिशनरी जोड्यांचा प्रमुख मिशनरी) हे विचारणारच आहे, त्याच्या आधी तुम्हाला उत्तर माहीत पाहिजे.

आकड्यांच्या मागे लागू नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. 1960 च्या आसपास ब्रिटनमध्ये पोरांना बेसबॉल खेळायला बोलावून धडाधड बाप्तिस्मे केले, त्यांना अजूनही 'बेसबॉल बाप्तिस्मे' म्हणतात. कित्येक मुलांना आपण कशात सामील झालो हेच नीट माहीत नव्हतं, पुढे हजारो नावं रजिस्टरमधून काढायची वेळ आली. अल्पवयीन असेल तर आईवडिलांची परवानगी, लग्न झालेलं असेल तर नवऱ्याची किंवा बायकोची संमती, यात 'नंतर बघू' चालत नाही.

आता चहा. हसू नका, आपल्याकडे सगळ्यात जास्त गाडी इथेच अडकते. दारू आणि तंबाखूचं लोकांना लगेच पटतं, चहा-कॉफी बंद म्हटलं की घरात शांतता पसरते. म्हणून पोरं हा विषय आणि कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचा विषय शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकलतात, आणि माणसाला वाटतं की आपल्यापासून लपवलं. लवकर सांगा, सरळ सांगा. आणि नुसता नियम सांगून निघून येऊ नका, पाहुण्यांकडे गेल्यावर काय म्हणायचं याची अक्षरशः प्रॅक्टिस करून घ्या. "मावशी, चहा सोडलाय, पाणी चालेल" एवढं वाक्य पुरतं, मावशी दोन मिनिटं कुरकुर करते आणि लिंबू सरबत आणते. पण त्या पोराने तिथे बसून मावशीला चहा कसा वाईट यावर लेक्चर दिलं तर घरचे म्हणणारच की चर्चने पोरगं बिघडवलं.

गणपतीचंही तसंच. घरी आरती चालू आहे आणि नवीन सदस्य खोलीत दार लावून बसलाय, असं व्हायला नको. पूजेत भाग घ्यायचा का, प्रसादाचं काय, हे त्याने बिशपशी (वॉर्डाच्या प्रमुखाशी) बोलून आणि प्रार्थना करून ठरवावं, एकोणीस वर्षांच्या एल्डरने व्हॉट्सअॅपवर फतवा काढू नये. पण पाहुण्यांना पाणी द्यायला, खुर्च्या उचलायला, आईला मोदकाचं सारण करायला मदत करायला कोणी अडवलंय? ज्या घरात पोरगा आधीपेक्षा जास्त कामाला येतो त्या घरचा विरोध हळूहळू मवाळ होतो, हे मी बऱ्याच वेळा बघितलंय.

पैशाबद्दल एकच वाक्य: मिशनऱ्याने उधार द्यायचं नाही, भाडं भरायचं नाही, नड असेल तर बिशपकडे न्यायचं. आणि मुलीला शिकवायला दोन एल्डर तिच्या घरी एकटे जात नाहीत, नियम आहेच, शिवाय शेजारच्या काकू गॅलरीत उभ्याच असतात.

माणूस यायचा बंद झाला तर काय करायचं? आधी श्रद्धेचं भाषण बंद. बस बदलावी लागते का, रविवारी शिफ्ट लागली का, घरी कोणाला कळलं का, कोणी काही बोललं का, हे या क्रमाने विचारा, दहातल्या सात वेळा, निदान माझ्या अनुभवात, उत्तर यातच सापडतं. मग त्याला काहीतरी काम द्या. पोरगा असेल तर आरोनिक प्रीस्टहूड (चर्चमधला पहिल्या पायरीचा याजकीय अधिकार) मिळाल्यावर रविवारच्या उपासनेत ब्रेड आणि पाणी वाटायला लागतो, त्या रविवारी त्याच्यावाचून अडतं, आणि ज्याच्यावाचून अडतं तो येतो. नाहीतर खुर्च्या लावायला सांगा, पण त्याची वाट बघणारा माणूस तिथे पाहिजे. बाप्तिस्म्यानंतर सगळे धडे परत घ्यायचे असतात तेही बरेच जण विसरतात, कारण तोपर्यंत नवीन नाव हातात आलेलं असतं.

शेवटची चूक बारीक वाटते पण मला सगळ्यात जास्त ताप तिचाच. ट्रान्सफर होताना अॅपमध्ये फक्त नाव, नंबर आणि 'खूप चांगला माणूस' लिहून जातात. नवीन जोडी उत्साहात घरी फोन करते, वडील उचलतात, ज्यांना काहीच माहीत नसतं. त्यापेक्षा असं लिहा: पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सेकंड शिफ्ट, तेव्हा सकाळीच यावं लागतं. आईला माहीत आहे, वडिलांना नाही, घरच्या नंबरवर फोन करू नका. उपासाच्या रविवारी चक्कर येते, पाणी प्यायला सांगितलंय. वॉर्डातल्या मित्राची बाईक त्याच रस्त्याने येते, साडेआठला कोपऱ्यावर थांबते.