गरोदरपणातील हलका व्यायाम: चालणे, पोहणे की योगासने?

गरोदरपणात व्यायाम करावा की करू नये, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता फारसा मतभेद उरलेला नाही. ज्यांना वैद्यकीय अडचण नाही अशा गरोदर स्त्रियांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असा त्याचा सोपा हिशेब होतो. मात्र तो अर्धा तास कशात घालवावा, हे मुंबईत ठरवताना व्यायामप्रकाराइतकाच तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ताही विचारात घ्यावा लागतो. घरापासून दोन रिक्षा बदलून गाठावा लागणारा उत्तम वर्ग सातव्या महिन्यात हमखास सुटतो. म्हणून नऊ महिने टिकेल तोच प्रकार मुख्य धरावा आणि बाकीचे त्याला जोड म्हणून घ्यावेत.

निवड करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सोनोग्राफीचे अहवाल दाखवून स्पष्ट परवानगी घ्यावी. वार (प्लासेंटा) खाली असणे, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असणे, रक्तस्राव होत राहणे, गरोदरपणात बीपी वाढणे, हिमोग्लोबिन फारच कमी असणे, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असणे किंवा मुदतीपूर्वी कळा येण्याचा धोका असणे, यांपैकी काहीही असेल तर कोणताही व्यायाम स्वतःच्या मनाने सुरू करू नये. शेजारणीला जे चालले ते आपल्यालाही चालेल, असे गृहीत धरणे इथे धोक्याचे आहे.

ज्यांना पूर्वी व्यायामाची सवय नव्हती त्यांनी चालण्यापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. पुढे वेळ हळूहळू वाढवावा. वेग किती असावा, हे ठरवण्यासाठी घड्याळातील नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण गरोदरपणात बसल्या जागीही हृदयाचे ठोके वाढलेले असतात. सोबतच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्यांत बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग योग्य होय. बोलताना धाप लागून वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ किंवा माटुंग्याच्या पाच उद्यानांत सकाळी चालणे सोयीचे पडते, कारण वाटेत हव्या तेव्हा टेकता येते. पावसाळ्यात मात्र शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि पाण्याखाली न दिसणारे खड्डे यांच्यापासून दूर राहून सोसायटीच्या पोडियमवर किंवा मजल्यावरील लांब व्हरांड्यात चालावे. पोट पुढे आल्याने तोल बदललेला असतो आणि पडण्याचा धोका वाढलेला असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी सातच्या आत फेरी आटोपावी आणि सोबत पाण्याची बाटली ठेवावी. थंडीत हवा धुरकट असेल त्या दिवशी घरातच चालणे बरे.

लोकलचा प्रवास आणि पुलाचे जिने यांतच व्यायाम झाला, असे नोकरी करणाऱ्या अनेकजणी मानतात. त्यात दमणूक होते हे खरे. पण गर्दीत तासभर उभे राहिल्याने पाय सुजतात आणि कंबर भरून येते. अशा दिवशी संध्याकाळी व्यायामाचा हट्ट धरू नये. चालण्यासाठी सुटीचे दिवस आणि सकाळची वेळ राखून ठेवावी.

कंबरदुखी किंवा पायांवरील सूज त्रास देत असेल तर पोहणे सर्वांत सुखाचे ठरते, कारण पाणी शरीराचा भार उचलून धरते. ज्यांना आधीपासून पोहता येते त्यांनी तरणतलाव घराजवळ असल्यास त्याचा जरूर विचार करावा. ज्यांना येत नाही त्यांनी छातीएवढ्या पाण्यात काठ धरून चालावे. कठड्याच्या पायऱ्यांनीच पाण्यात उतरावे. सूर किंवा उडी मारू नये, तसेच मुलांची गर्दी असलेली वेळ टाळावी. जांघेत किंवा ओटीपोटाच्या हाडात दुखत असेल तर पाय बेडकासारखे फाकवून मारणे बंद करावे. गरम पाण्याच्या टबात मात्र मुळीच बसू नये.

योगासनांसाठी मुंबईत जुनी परंपरा आहे. १९१८ साली स्थापन झालेली द योग इन्स्टिट्यूट आज सांताक्रूझला आहे. तरीही संस्थेच्या नावापेक्षा समोरचा शिक्षक महत्त्वाचा असतो. त्याने पहिल्याच दिवशी कितवा महिना आहे आणि डॉक्टरांनी काय सांगितले आहे, हे विचारले नाही तर तो वर्ग सोडावा. भिंतीच्या आधाराने ताडासन, मार्जारासन, बद्धकोणासन आणि श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम हे साधारणपणे चालतात. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक (श्वास रोखून धरणे), पोटावर झोपून किंवा डोके खाली करून करायची आसने आणि पोटाला पीळ देणारी आसने टाळावीत. रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, त्यामुळे सहज वाकता येते म्हणून अधिक ताणू नये. तिसऱ्या महिन्यानंतर पाठीवर बराच वेळ पडून राहू नये. गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडून चक्कर येऊ शकते. शवासन डाव्या कुशीवर करावे. उठताना आधी कुशीवर वळावे, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवावेत, हातांच्या जोरावर बसते व्हावे आणि क्षणभर थांबून मगच उभे राहावे.

घरातील मोठी माणसे उकिडवे बसून फरशी पुसायला सांगतात, त्यामागे काळजीच असते. परंतु त्याने प्रसूती सुकर होईलच असे नाही, आणि ओल्या फरशीवर घसरण्याची भीती असते. त्याऐवजी लघवी रोखताना आवळले जाणारे स्नायू काही सेकंद आवळून सैल सोडण्याचा व्यायाम करावा. हा केगल व्यायाम बसल्या जागी, ऑफिसमध्येही होतो.

कोणत्याही प्रकारात रक्तस्राव झाला, अंगावरून पाणी गेले, ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, छातीत दुखले, चक्कर आली, डोके फार दुखू लागले किंवा एका पोटरीत दुखून सूज आली, तर व्यायाम त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना फोन करावा. बाळाची हालचाल कमी जाणवली तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. शेवटच्या दोन महिन्यांत चालायला एकटीने जाऊ नये, आणि रुग्णालयाचा क्रमांक सोबतच्या व्यक्तीच्या मोबाइलमध्येही असावा.