पंपाच्या आधी रूम

मस्कतला पहिल्यांदा उतरलो तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. मुंबईहून आखातात जाणारी बरीचशी विमानं रात्रीचीच, त्यात घड्याळ दीड तास मागे घ्यायचं, म्हणजे रात्र संपता संपत नाही. रुवीतल्या हॉटेलच्या काउंटरवर एक मल्याळी मुलगा होता. बुकिंग सापडलं, पासपोर्टची झेरॉक्स झाली आणि मग तो शांतपणे म्हणाला, "रूम दो बजे मिलेगा." मला साइटवर आठला हजर व्हायचं होतं. लॉबीतल्या टॉयलेटात दात घासले, टूलबॅग उशाला घेऊन सोफ्यावर तासभर पडलो आणि तसाच रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत गेलो.

काम होतं पंप आणि मोटरच्या अलाइनमेंटचं, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणायचं. पुण्यात हे मी डोळे मिटून करायचो. इथं डोळे खरंच मिटत होते. डायल गेज लावला, कपलिंग फिरवलं आणि अधिक-उणेचा घोळ केला. मोटरच्या पायाखालून ०.२० मिमीची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, काढायची, तर मी आणखी एक सरकवली. पंप चालू केला तर बेअरिंगवर हात ठेववेना, इतकी थरथर. क्लायंटचा माणूस काही बोलला नाही, फक्त वहीत वेळ टिपून घेतली. त्या टिपण्याचीच जास्त लाज वाटली.

तेव्हापासून सर्व्हिसमध्ये येणाऱ्या नव्या पोरांना मी पंपाच्या आधी रूमचं सांगतो. पहाटे पोचणार असाल तर आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग मागा. ॲडमिनवाले म्हणतील, एक रात्र फुकट जाते. जाऊ दे. पण आधी हॉटेलला मेल टाका की पाहुणा पहाटे येणार आहे. नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं धरून ते रूम दुसऱ्याला देऊन टाकतात.

पैशांचं दुखणं दुबईत कळलं. तिथं चेक-इनच्या वेळी डिपॉझिट मागतात. मी भोळेपणानं स्वतःचं डेबिट कार्ड पुढं केलं. ५०० दिरहॅम अडकले आणि परत यायला तीन आठवडे लागले. तोवर घरी हप्त्याची ओढाताण. डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर रोख देऊन पावती घ्या. शिवाय तिथं खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहॅम 'टुरिझम दिरहॅम' लागतो. हॉटेलचा दर्जा जितका वरचा तितका जास्त, आणि बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. ओमानच्या बिलावर २.५०० दिसलं तर दचकू नका. रियालचे हजार बैसा होतात, म्हणून दशांशानंतर तीन आकडे. ते अडीच रियालच.

आता खसखस. हे जरा सविस्तर सांगतो, कारण याबाबतीत आपली मराठी घरं हमखास चुकतात. माझी दुबईची पहिली वारी दिवाळीनंतर लगेच होती. आईनं डब्यात अनारसे भरले होते आणि बरणीत घरचा गोडा मसाला. "तिथं कुठं मिळणार तुला आपली आमटी?" बरोबर येणाऱ्या सीनियरनं आदल्या संध्याकाळी बॅग उघडायला लावली. डबा उघडला, अनारशाच्या पाठीवर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेले दाणे मला दाखवले. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. ती बाळगली म्हणून लोक तुरुंगात गेलेत, आणि 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. सिंगापुरातही तिला बंदीच आहे. अनारशांचं लगेच लक्षात येतं. गोड्या मसाल्यात ती धने-खोबऱ्याबरोबर दळलेली असते, दिसतच नाही. करंजीच्या सारणातही बघा. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, चमचाभरच तर घातलीय." मसाला सीनियरच्या घरी राहिला. त्यांनी तो वापरला, बरणी मात्र परत दिली.

तसंच औषधांचं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलची गोळी सहज म्हणून न्यायची नाही. डॉक्टरची चिठ्ठी जवळ हवीच, काही औषधांना आधी परवानगीही काढावी लागते.

मुक्काम आठवड्याहून जास्त असेल तर दुबईत हॉटेल अपार्टमेंट बघा. बर दुबई, करामा या भागात ती बरीच आहेत. शेगडी, फ्रिज, बहुतेक ठिकाणी वॉशिंग मशीनही असतं. तूरडाळ खालच्या दुकानात मिळते; कुकर मात्र आपला न्यावा. तीन आठवडे बुफेचा नाश्ता खाऊन पाहा, म्हणजे वरण-भाताची किंमत कळेल. खोलीच्या छताला बाण दिसेल. तो किब्ल्याचा, मक्केची दिशा दाखवणारा. आमचा एक गडी त्याला आगीच्या वेळी पळायची वाट समजला होता.

सुट्टीचे वारही बघून घ्या. ओमान, कतार, सौदीत शुक्रवार-शनिवार. अमिरातीनं २०२२ पासून शनिवार-रविवार केलेत आणि सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस. मस्कतला गुरुवारी दुपारी टाइमशीटवर सही राहिली की ती थेट रविवारी.

पूर्वेकडे गेलात तर तऱ्हा वेगळी. मलेशिया-सिंगापुरात प्लग आखातासारखाच, तीन चौकोनी पिनांचा. लिफ्टमध्ये चौथा मजला नसला तर घाबरू नका. चिनी भाषेत चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी मिळतो, म्हणून कुठं कुठं '३ए' लिहितात. खोलीत ड्युरियन न्यायचं नाही, नेलं तर दंड. वास घेतलात की दंड योग्यच वाटेल. जपानचं बिझनेस हॉटेल म्हणजे स्वच्छ काडेपेटी. सूटकेस उघडायची तर पलंगावरच. वीज तिथं १०० व्होल्टची, आपली किटली पाणी तापवायला फारच वेळ घेते. पंपवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: विजेची फ्रीक्वेन्सी टोकियोत ५० हर्ट्झ, ओसाकात ६०. मोटरची नेमप्लेट वाचल्याशिवाय हात घालू नका.

राहता राहिल्या पावत्या. मलेशियात परदेशी पाहुण्याला खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर पडतो. मी जोहोरला अकरा रात्री होतो. काउंटरवर ११० रिंगिट रोख दिले, एक चिटोरी मिळाली. पुण्यात अकाउंट्सनं विचारलं, हॉटेलचं बिल कंपनीनं आधीच भरलंय, मग हे कशाचं? चिटोरीवर ना कंपनीचं नाव, ना माझं. तीनदा मेल केली. चौथ्यांदा स्वतः खाली गेलो, तर टेबलावरचा माणूस बदललेला, आणि नव्यानं विचारलं, "रिंगिट कुठल्या देशाचं?"