पुरुषांसाठी परवडणारे समुपदेशन कसे मिळवावे

खासगी समुपदेशकाची फी परवडत नाही आणि ओळखीच्या माणसापुढे मन मोकळे करण्याचा संकोच वाटतो, म्हणून अनेक पुरुष वर्षानुवर्षे गप्प राहतात. अशा वेळी केंद्र सरकारच्या टेली-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचे समुपदेशन देणाऱ्या सेवेचा 14416 हा क्रमांक लावावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येते. घरात अवघड वाटत असेल, तर कामावरून परतताना गाडी बाजूला लावून फोन करावा. आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही; झोप लागत नाही, मुलांवर उगाच ओरडतो, कर्जाचे हप्ते डोक्यातून जात नाहीत, एवढे सांगितले तरी पुरते.

प्रत्यक्ष भेट हवी असल्यास जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात जावे. ओपीडीचे वार आधी विचारून घ्यावेत, नाहीतर रजा फुकट जाते. डॉक्टर घाईत वाटले, तर समुपदेशनासाठी वेगळी वेळ स्पष्टपणे मागावी. भिडेखातर उठून येऊ नये.

मात्र जीव देण्याचे विचार येत असतील, तर वार-वेळ न पाहता कोणाला तरी सोबत घेऊन तत्काळ जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.