धावपळीच्या दिवसांसाठी आपला ठरलेला पोशाख कसा तयार करावा

डबा भरायचा असतो, नेहमीची लोकल गाठायची असते आणि नेमक्या त्याच वेळी एका कुर्त्याला इस्त्री नसते, तर दुसऱ्यावरची लेगिंग सापडत नाही. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे कामाच्या दिवसांसाठी कपड्यांचा एक साचा पक्का करणे. एकाच बेताचे, मोजक्या रंगांचे आणि कशावरही काहीही चालेल असे कपडे असले, की सकाळी विचार करावा लागत नाही. 1890 च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या सेवेतील पांढरी टोपी चर्चगेटच्या गर्दीतही लांबून ओळखू येते. आपला साचा इतका कडक असण्याची गरज नाही, पण त्यामागचा विचार तोच आहे.

सुरुवात खरेदीने करू नये. आधी आठवडाभर रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात: आज काय घातले आणि ते दिवसात किती वेळा सावरावे लागले. माझ्या वहीत सहा दिवसांत चार वेळा ओढणीच आली होती. ठाण्याहून दादरला येताना तिचे टोक शेजारणीच्या पर्सच्या चेनमध्ये अडकायचे आणि उतरायच्या घाईत सुटता सुटायचे नाही. म्हणून मी ओढणी न लागणारा, जरा भरीव विणीचा, गुडघ्याखाली चार बोटे येणारा सरळ कुर्ता आणि घोट्याच्या वर थांबणारी पँट हा साचा ठरवला. पुरुषांच्या बाबतीत अर्ध्या बाह्यांचा किंवा बाह्या दुमडता येणारा शर्ट आणि गडद पँट हा साचा बहुतेक कार्यालयांत चालतो.

त्यानंतर कापड निवडावे आणि इथे घाई करू नये, कारण मुंबईच्या दमट हवेत सगळी गोम कापडातच आहे. निव्वळ सुती कापड घाम टिपते, पण वाळायला वेळ घेते. निव्वळ पॉलिस्टर लवकर वाळते, पण अंगाला चिकटते आणि त्यात घामाचा वास राहतो. लिनन अंगाला थंड लागते, मात्र गर्दीच्या डब्यातून उतरेपर्यंत त्याची इस्त्री पार मोडलेली असते. त्यामुळे उन्हाळ्यात सुती आणि पावसाळ्यात सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे पातळ कापड, अशी विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. जीन्स मात्र जून ते सप्टेंबर कपाटातच ठेवावी, कारण भिजलेली जीन्स दिवसभर पायांना जड होते आणि घरी दोरीवर दोन-दोन दिवस ओली राहते.

रंगांसाठी दोन गडद आणि एक फिका एवढे पुरेसे आहेत. फिकट राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचे डाग सर्वांत आधी दिसतात. गडद निळा, काळा किंवा बारीक छपाईचे कापड ते झाकून नेते. खालची पँट तर गडदच असावी, म्हणजे चिखलाचे शिंतोडे उठून दिसत नाहीत.

किती जोड लागतील हे कपाट पाहून ठरवू नये, तर धुण्याच्या दोरीकडे पाहून ठरवावे. समजा, तीन दिवसांचे कपडे एकदम धुतले जातात. ऐन जुलैत ते वाळायला दोन दिवस आणि इस्त्रीहून परत यायला एक दिवस लागतो. म्हणजे तीन जोड धुण्यात असताना अंगावर घालायला आणखी तीन हवेत आणि अडीअडचणीला एक, असे एकूण सात कुर्ते होतात. पँट मात्र चार पुरतात. खोल्या लहान असलेल्या घरांत यापेक्षा जास्त कपडे म्हणजे नुसती अडगळ, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयार कपडे मापात बसत नसतील, तर मंगळदास मार्केटमध्ये किंवा दादरला हिंदमाताच्या दुकानांत कापड घेऊन शिवून घ्यावे. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून कुर्ता साधारण अडीच मीटरमध्ये होतो. सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, कारण ते आटते, आणि शिवल्यानंतर आटले तर बगलेत काचते. गडद कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासावा, म्हणजे रंग जातो का ते कळते. सात कुर्ते एकदम टाकू नयेत. आधी एकच शिवून घ्यावा, तो घालून गर्दीच्या वेळी प्रवास करावा, वरची कडी धरून पाहावी आणि जिना भरभर चढून पाहावा. माझ्या पहिल्या कुर्त्याचा बाजूचा कट फार खाली सुरू झाला होता, त्यामुळे पुलाची प्रत्येक पायरी चढताना कापड मांडीवर ताणले जायचे. पुढच्या कुर्त्यांत कट दोन इंच वर घेतला आणि उजव्या शिवणीत मोबाईल व पास बसेल एवढा खोल खिसा लावून घेतला. शिंपी खिसा लावायला कां कू करतात, पण तो मागून घ्यावाच.

पादत्राणांचे दोनच जोड ठेवावेत: पावसाळ्यासाठी मागे पट्टा असलेले रबरी सँडल आणि इतर दिवसांसाठी साधे बूट किंवा चपला. चामड्याच्या वस्तूंना पावसाळ्यात बुरशी येते, त्यामुळे त्या कोरड्या करून, वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवाव्यात.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न बहुतेकींना पडतो. रोज तोच बेत असला तरी कानातले किंवा घड्याळाचा पट्टा बदलता येतो आणि सणासुदीच्या साड्या या साच्याबाहेरच राहतात.

शेवटी, एक पूर्ण जोड आणि लहान टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयाच्या खणात ठेवून द्यावा. तो दिवाळीच्या सुमारास घरी आणावा आणि धुऊन पुन्हा वापरात घ्यावा.