गोव्यात राहायला आलात? आधी गाडीची डिकी भरा

गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर. शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा याहून मोठा. त्यामुळे पुण्या-कोल्हापुराकडून बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात वाटायला लागतं, की इथे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. अर्धा तास इकडे, पाऊण तास तिकडे, मग गाडीत ठेवायचं काय? मोबाइल आणि पाण्याची बाटली! हीच समजूत अंगाशी येते. पणजीहून वाळपई लांब नाही हे खरं, पण जुलैत रात्री नऊ वाजता तिथल्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या रस्त्यावर टायर बसला, की मोबाइलला रेंज नसते, दुकान उघडं नसतं आणि रस्त्यावर दिवाही नसतो. मी फोंड्याला राहतो. दर पावसाळ्यात ओळखीतलं एखादं नवं कुटुंब असं अडकतं आणि दर वेळी तेच सगळं फोनवर सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढलं.

आधी इथलं वेळापत्रक समजून घ्या. दुपारी एकच्या सुमाराला बरीच दुकानं बंद होतात, ती साडेतीन-चारला उघडतात. गॅरेज, स्पेअर पार्टवाला, पंक्चरवाला, सगळे जेवून विश्रांती घेतात. रविवारी तर बाजारच थंड असतो. नवी माणसं यावर नाकं मुरडतात आणि गोवेकरांना आळशी म्हणून मोकळी होतात. मला ते अजिबात पटत नाही. दमट उन्हात सकाळपासून राबणाऱ्या माणसाने दुपारी दोन तास टेकण्यात काही चूक नाही. त्याची वेळ त्याची आहे, तुमच्या गाडीची जबाबदारी तुमची. चारपर्यंत तुमचं तुम्हाला निभावता आलं पाहिजे, एवढं सामान गाडीत हवं.

पहिली गोष्ट स्टेपनी. तुमच्या गाडीत ती आहे का, हे आज संध्याकाळी डिकी उघडून बघा. २०२० पासून नियम बदलला आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं असेल, तर कंपनीने स्टेपनी द्यायलाच हवी असं नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक आणि काही सीएनजी गाड्यांत ती नसते, आणि मालकाला हे टायर बसल्यावर कळतं. स्टेपनी असेल तर तिच्यातली हवाही तपासा. वर्षभर कुणी हात न लावलेली स्टेपनी बहुधा मऊच निघते.

आता जॅक. इथली माती जांभ्याची. उन्हाळ्यात दगडासारखी कडक, पण पावसात रस्त्याकडेची पट्टी लोण्यासारखी होते. गाडीसोबत आलेल्या जॅकचं बूड तळहाताएवढं असतं. लाल चिखलात ते टेकवून तुम्ही दांडा फिरवत राहता आणि गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. थोडी वर आलीच तर कलंडायची भीती. म्हणून डिकीत एक फळी ठेवा, फूटभर लांब-रुंद आणि इंचभर जाड. सुताराकडे प्लायवूडचा तुकडा सहज मिळतो. ती जमिनीवर टाकायची आणि तिच्यावर जॅक. सोबत दोन लाकडी ठोकळे हवेत, विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून लावायला. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच अर्धा फेरा सैल करून घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने ते धरतात, शिवाय टायरवाला मशीनने आवळून देतो. कंपनीचा आखूड पाना तिथे हरतो, त्यामुळे लांब दांड्याचा पाना किंवा पान्यावर बसेल असा पाइपचा तुकडा घेऊन ठेवा. आणि हे सगळं एकदा घरच्या अंगणात, उजेडात, कोरड्या कपड्यांत करून बघा. नवरा-बायको दोघांनीही. गाडी ज्याच्या हातात असते त्याच्यावरच प्रसंग येतो.

टायरमध्ये खिळा दिसला तर लगेच उपटू नका. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा जागेवर असेपर्यंत हवा हळूहळू जाते. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ असेल, तर हवा भरायची, सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, मध्ये लागली तर पुन्हा भरायची. माझ्या मते डिकीतल्या सामानात पैसे खर्च करण्यासारखी ही सर्वांत पहिली वस्तू.

आता जे सांगतो ते दोनदा वाचा. पणजीत नव्याने आलेल्या एका परिचिताने गेल्या काही वर्षांतली सर्वांत महागडी चूक केली. जोराचा पाऊस आणि नेमकी त्याच वेळी मांडवीला भरती. अशा वेळी पाण्याला जायला वाट राहत नाही आणि मळा, अठरा जून रस्ता हा सखल भाग तुंबतो. पुढची जीप गेली म्हणून यांनी आपली गाडी पाण्यात घातली. मध्यावर इंजिन बंद पडलं. इथवर नुकसान फारसं झालेलं नव्हतं. पण घाबरून त्यांनी पुन्हा स्टार्टर मारला, मग परत, मग परत. हवा जिथून आत जाते तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन उघडावं लागलं, खर्च लाखांत गेला. विमा होता, पण इंजिन प्रोटेक्शनचं जादा कलम घेतलेलं नव्हतं. साध्या सर्वसमावेशक विम्यात असं नुकसान बहुधा बसत नाही, आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

म्हणून पुन्हा सांगतो. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही. एकदाही नाही. ‘बघू लागते का’ म्हणूनसुद्धा नाही. इग्निशन बंद करा, उतरा, चार माणसांच्या मदतीने गाडी ढकलून उंचावर घ्या आणि तिथून टोचन करून गॅरेजला न्या. ऑटोमॅटिक असेल तर दोरीने ओढत नेऊ नका, सपाट ट्रकवर चढवूनच न्यायला सांगा. यासाठी डिकीत जाड, रुंद पट्ट्याची टोचनाची दोरी ठेवा आणि पुढच्या बंपरला लावायचा हुक कुठे ठेवला आहे ते आत्ताच बघून घ्या. तो बहुधा स्टेपनीखालच्या खाचेत असतो. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं तर गाडी आत घालूच नका. ओहोटी लागेपर्यंत चहा प्या. आणि विम्याचं नूतनीकरण करताना ते जादा कलम घ्या. गोव्यात राहून ते न घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

घाटांचं वेगळं सांगायला हवं. बेळगावला चोर्ला, हुबळीकडे अनमोड, कारवारच्या वाटेवर करमल, कोल्हापूरला जाताना बहुतेकांचा आंबोली. पावसात धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पलीकडचं दिसत नाही. गाडी बंद पडली तर चमकणारा लाल त्रिकोण लावायचा तो गाडीला टेकवून नव्हे, तर पन्नासेक मीटर मागे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ट्रकवाल्याला वळायच्या आधी तो दिसला पाहिजे. बरेच ट्रकचालक दगड आणि फांद्या मांडतात आणि जाताना तशाच टाकून जातात. तुम्ही तसं करू नका, रात्री दुचाकीवाल्याचा जीव जातो. हातातल्या बॅटरीपेक्षा डोक्याला बांधायचा दिवा बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. त्याचे सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवा, इथल्या दमटपणात आत राहिले की पाझरतात. चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट एक तरी असावं. उघड्यावरची गुरं रात्री ऐन रस्त्यात बसलेली असतात, तेव्हा ते घाटाबाहेरही उपयोगी पडतं.

पावसाळ्यात झाडाची फांदी आडवी येणं हे नित्याचं. मोठं झाड असेल तर १०१ वर अग्निशामक दलाला कळवून थांबायचं, आणि विजेची तार सोबत पडली असेल तर जवळही जायचं नाही. मनगटाएवढी फांदी मात्र घडीच्या हातकरवतीने कापता येते. कोयता ठेवू नका, नाक्यावर तपासणी झाली तर उत्तरं देत बसावं लागेल. आणि नारळाखाली गाडी लावू नका. झावळ पडली तरी काच जाते, नारळाचं तर बोलायलाच नको.

जंपर केबल घेताना तारेची जाडी बघा. बाजारातल्या स्वस्त, बारीक तारांनी गाडी सुरू होत नाही. लाल आधी बंद गाडीच्या अधिक टोकाला, मग चालू गाडीच्या अधिक टोकाला. काळी चालू गाडीच्या उणे टोकाला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. हा क्रम कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच ठेवा.

बाकीचं झटपट. जुनी वर्तमानपत्रं ठेवा, ओल्या पायांखाली घालायला आणि रोज बदलायला. ती नसतील तर गालिच्याला आठवड्यात बुरशी येते. एक जुना टॉवेल, रबरी चपला, मोठी छत्री, कपड्यांचा एक जोड. वायपरची रबरं मेअखेरीस बदला, आठ महिन्यांच्या उन्हाने ती कडक झालेली असतात. प्रथमोपचाराची पेटी असते, पण तिच्यातल्या औषधांच्या तारखा कुणी बघत नाही, त्या बघा. ओआरएसची पाकिटं टाका. रुग्णवाहिका १०८, बाकी कुठलीही आणीबाणी ११२. गंभीर अपघातात माणसाला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेतात, हे घरात सगळ्यांना माहीत हवं. गॅरेजचे, शेजाऱ्यांचे आणि विम्याचे नंबर कागदावर लिहून ठेवा.

नकाशा आधी मोबाइलमध्ये उतरवून घ्या, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. फेरीबोटीचा मार्ग असेल तर तो रस्ता सरळ नदीतून दाखवतो. रात्री, पावसात, अनोळखी गावात उताराचा धक्का संपून पाणी कुठे सुरू झालं ते कळत नाही. चोडण, दिवाडी या बेटांवर जाताना बोटीवर गाडी चढवलीत की हँडब्रेक लावा, काचा खाली करा आणि शक्य तर उतरून उभे राहा. काच फोडायची छोटी हातोडी डिकीत नको, चालकाच्या हाताशी हवी. दहा-वीसच्या नोटा कप्प्यात असू द्या, रेंज नसली की मोबाइलने पैसे जात नाहीत.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण पीयूसीची तारीख पाळा. एमएचची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवणार असाल तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणून तिची इथे नोंदणी करून घ्या. ‘कोण बघतंय’ म्हणत वर्षानुवर्षं टाळणारे आपलेच लोक मी बघतो आणि मला त्याचा राग येतो.

गाडीत काय ठेवू नये, तेही सांगतो. गावी जाताना पाहुण्यांसाठी म्हणून बाटल्या नेऊ नका. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात नेणं हा गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाडी उघडून बघतात, आणि माल सापडला तर गाडीही जप्त होते. चार बाटल्यांपायी मुलाबाळांसकट रात्र नाक्यावर काढायची का? तसंच गाडी समुद्रकिनाऱ्यावर उतरवू नका. त्याला बंदी आहे, वाळूत चाकं रुततात, पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या नंबरप्लेटचा फोटो गोवाभर फिरतो. त्याचा त्रास इथे नीट वागणाऱ्या आम्हा सगळ्यांना होतो.

अडकलात तर जवळच्या घराचा दरवाजा ठोठावायला लाजू नका. गोव्यातल्या खेड्यात माणसं मदतीला येतात, हा माझा ठाम अनुभव आहे. दोरी, टॉर्च, चहा, सगळं घेऊन येतात. फक्त हॉर्न वाजवत बोलावू नका आणि आल्याआल्या पैशांची भाषा करू नका. ‘बाब, मात्शी मदत करशात?’ एवढं कोंकणीत विचारा, निघताना ‘देव बरें करूं’ म्हणा. आणि तुम्हालाही कुणी अडकलेलं दिसलं तर थांबा, तुमच्या डिकीत आता दोरी आहे.

मार्च लागला की पॉवर बँक, लायटर आणि अत्तराचे दाबाचे डबे बंद गाडीतून काढून घ्या, उन्हात आतली हवा भट्टीसारखी तापते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात अख्खी डिकी रिकामी करा, गालिचा उचलून वाळवा, पाना आणि जॅकच्या आट्यांना तेल द्या, बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा. तारांचं प्लास्टिक कुरतडलेलं दिसलं तर उंदीर आहेत असं समजा आणि त्याच दिवशी गॅरेज गाठा, अर्थात दुपारी एकच्या आत.