विंडोज ११नंतर हिशेबाचा डेटा सापडेना : माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट संपल्याने दुकानातील संगणकावर विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती घेतली, आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर ‘डेटा फोल्डर सापडत नाही’ असे सांगू लागले. डेटा एका जुन्या नॅसवरील (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-उपकरणावरील) सामायिक फोल्डरमध्ये होता. तो फोल्डर पासवर्डशिवाय, म्हणजे ‘गेस्ट’ म्हणून उघडत असे. नॅस पिंगला (जोडणी तपासण्याच्या संदेशाला) उत्तर देत होता आणि विंडोज १० असलेल्या शेजारच्या संगणकावर फोल्डर उघडत होता, त्यामुळे केबल, राउटर किंवा सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करणे यांत वेळ घालवण्याचे कारण उरले नाही.

या आवृत्तीत एसएमबी (नेटवर्कवरून फाइल सामायिक करण्याची पद्धत) जोडणीसाठी साइनिंग, म्हणजे संदेशांवर डिजिटल सही, मुळातच सक्तीचे असते. गेस्ट जोडणीला साइनिंग करता येत नाही, म्हणून विंडोज ती नाकारते. ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमधून) ही अट शिथिल करता येते, आणि अनेक जण तेच सुचवतात; पण ज्या फोल्डरमध्ये सगळ्या ग्राहकांची येणी आहेत तो बिनकुलपी ठेवणे मला पटले नाही. नॅसवर पासवर्डसह स्वतंत्र युझर तयार करून त्याला त्या फोल्डरपुरती वाचण्या-लिहिण्याची परवानगी दिली आणि तोच तपशील विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवण्याच्या सोयीत) नोंदवला.

फोल्डर उघडला, तरी सॉफ्टवेअर अडलेलेच होते. ते ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने (जादा अधिकारांनी) चालत असल्याने, साध्या सत्रात त्या फोल्डरसाठी जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसत नव्हता. सेटिंगमध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी नॅसच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण नेटवर्क मार्ग लिहिल्यावर डेटा उघडला.